आगीवर राज्य

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वर्तकनगरमागच्या डोंगरावर मुलांना वणव्याबद्दल शिकवायला आलेल्या वनखात्याच्या मॅडम. अंगावर खाकी, खांद्यावर बंदुकीसारखा खराटा. मी लेकीला सोडायला गेलेलो, तो तिथेच थांबलो.

"भाषणबिषण नाही हां," त्या म्हणाल्या. "साखळी खेळायची. ज्याच्यावर राज्य, तो आग!"

एक मुलगी आग झाली. ती ज्याला शिवेल तो तिचा हात धरून आग व्हायचा. बघता बघता निम्मी पोरं पेटली, किंचाळ्यांनी डोंगर दणाणला. तेवढ्यात मॅडमनी मधोमध सपासप खराटा मारून वाळका पाला बाजूला लोटला. मातीचा पट्टा उघडा पडला.

"आता हा ओलांडायचा नाही. आग पायांनी चालत नाही रे, पाचोळ्यावरून चालते!"

साखळी पट्ट्याशी येऊन धापा टाकत थांबली. पलीकडे वाचलेली पोरं नाचायला लागली, आणि मीही टाळ्या पिटत होतो!

खाली उतरताना वाटेत एक काका सिगारेट पेटवत होते. पायाखाली सगळा सुका पाला. माझी लेक ओरडली, "साखळी!" पोरांनी हात धरून काकांना घेरलंच.

"अरे, काय झालं काय?" काका बावचळले.

"काका, ती काडी विझवा," लेक म्हणाली, "नाहीतर राज्य तुमच्यावर!"

मी मागे पाहिलं. वर मॅडमनी खराटा उंच धरलेला, जिंकल्यासारखा.