हिराजीबाबांचा बॉल

परवाच्या रविवारी सकाळी बदलापूरजवळ सोनिवलीला होतो, एका फुटबॉल टूर्नामेंटच्या उद्घाटनाला. तिथला माझा एक व्हिडिओ तेव्हापासून सगळ्या ग्रुपवर फिरतोय... मी उजवीकडे झेप घेऊन बॉल अडवतोय, मागे टाळ्या, शिट्ट्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी माझ्याबद्दल. मी बरीच वर्षं प्रोफेशनल फुटबॉल खेळलो, गोलकीपर म्हणून. खेळलो म्हणजे... बहुतेक वेळ बेंचवर बसलो. बाकीच्या खेळाडूंना बदली म्हणून शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. दुसऱ्या कीपरचा नंबर पहिला जखमी झाला तरच लागतो, आणि आमचा पहिला कीपर भलताच ठणठणीत होता.

आई अंबरनाथच्या घरी टीव्हीसमोर बसायची आणि मी तिला दिसायचो तो मॅचआधी त्या पहिल्या कीपरला प्रॅक्टिस देताना. मग गुडघा गेला, करार संपला. आता अंबरनाथमध्येच एका शाळेत पीटी शिकवतो. तक्रार नाही... निदान रविवारपर्यंत मला तसं वाटत होतं.

बोलावलं होतं हरेशने. कॉलेजच्या टीमपासूनचा दोस्त, उल्हासनगर कॅम्प चारला त्याचं जर्सी छपाईचं दुकान आहे. टूर्नामेंटचा फ्लेक्सही त्यानेच केला आणि माझ्या फोटोखाली छापलं, 'भारताचे आंतरराष्ट्रीय गोलकीपर'. मी भारताकडून एकही मॅच खेळलेलो नाही, साधं निवड शिबिरालाही कधी बोलावणं आलं नाही. त्याने डिझाइन आधी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मी उत्तरात जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला... दुरुस्त कर म्हणालो नाही.

ग्राउंड म्हणजे हिराजीबाबांचं भाताचं शेत. कापणी झाली की बाबा मधले बांध मोडून देतात, गावची पोरं रोलर फिरवतात आणि पाऊस येईपर्यंत तिथे फुटबॉल चालतो. त्याबदल्यात एकच मान. नारळ फुटला की पहिला बॉल बाबा मारणार, कीपरने तो सोडायचा आणि गोल झाला की टूर्नामेंट सुरू.

यंदा बाबांचं शेवटचं वर्ष. शेत विकलं गेलंय, तिथे बिल्डिंग उभी राहणार. हरेशने येताना गाडीत सांगितलं होतं, "देख, बाबांचा बॉल सोडायचा हां. लास्ट टाइम आहे त्यांचा." मी म्हटलं, कळतं रे मला.

मग शाल झाली, नारळ झाला, माइकवरून 'आंतरराष्ट्रीय' चार वेळा झालं. पोरांनी सेल्फी काढल्या. कितीतरी वर्षांनी ग्लोव्ह्ज चढवून दोन खांबांमध्ये उभा राहिलो आणि खरं सांगतो, छाती फुगली होती.

बाबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बॉल मारला. चांगला मारला हो... पोस्टच्या आत, खालच्या कोपऱ्यात. आणि मी झेप घेऊन तो अडवला.

सवयीने झालं असेल, असं काही जण म्हणाले. नाही. सोडायचाय हे मला त्या क्षणी पक्कं आठवत होतं. समोर इतके मोबाइल माझ्यावर रोखलेले दिसले आणि वाटलं, एकदा तरी लोकांनी बघू दे.

बाहेरून आलेल्या टीम्सनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या कुणीच वाजवल्या नाहीत. व्हिडिओ तिथेच संपतो.

पुढचं त्यात नाही ते सांगतो. बाबा ओशाळल्यासारखे हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "इंडियाच्या कीपरला माजा बॉल कसा जानार?" मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हरेशने माझ्याकडे न बघता बॉल पुन्हा बाबांपुढे ठेवला. मी पार बाजूला सरकलो. पण पहिल्या फटक्यात बाबांच्या पायातली ताकद संपली होती. बॉल घरंगळत आला आणि गोल लाइनच्या अलीकडे थांबला. मी हळूच पायाने आत ढकलायला गेलो.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "शेत माजं हाय. मी येतो."

आले. अनवाणी, सावकाश, मध्ये एकदा गुडघ्यावर हात ठेवून थांबत. बॉल आत ढकलला आणि जाळीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मग मात्र गावाने अशा टाळ्या वाजवल्या की सांगता सोय नाही. मी पोस्टला टेकून उभा होतो, मान वर होत नव्हती.

पहिली मॅच सुरू झाल्यावर त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, बाबा, फ्लेक्सवरचं खोटं आहे. मी इंडियाकडून कधीच खेळलो नाही, क्लबमध्येसुद्धा बेंचवरच असायचो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावले नाहीत, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"मंग आडवलास कशाला?"

एवढं विचारून त्यांनी त्यांच्या थर्मासमधला अर्धा चहा मला दिला... त्याचे आभार कसे मानायचे, ते अजून कळत नाही.

व्हिडिओ पुढे पाठवायचाच असेल तर पाठवा. फक्त खाली एवढं लिहा, की त्या दिवशी गोल झाला, आणि तो हिराजीबाबांनी केला.