फुगेवाल्या काकू

फुगेवाल्या काकू समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायच्या. नवख्या माणसाला वाटे, आपल्या दातात काहीतरी अडकलंय. काकूंना चिंता वेगळीच असे: चित्रात याच्या बोलण्याच्या फुग्याची शेपूट कुठून काढायची? खामगावहून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. तिथं त्यांचं फ्लेक्सचं दुकान. पोटासाठी वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि दर बाजाराच्या दिवशी हौसेनं एक चित्रपान दाराला डकवलेलं. गावातल्याच माणसांच्या फोटोंची सॉफ्टवेअरमध्ये रेघांची चित्रं करायची आणि त्या आठवड्यात जो जे बोलला ते त्याच्या तोंडी, पांढऱ्या फुग्यात. लोक आधी पान वाचत, मग भाजी घेत.

कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला लागले. पहिल्याच दिवशी मी ऐटीत एक सुबक लंबगोल काढला आणि त्यात वाक्य कोंबू लागले. मावेना, तेव्हा चार शब्द उडवले. काकूंनी माझ्या हातातून माउस काढून घेतला. "आधी बोलणं टाइप कर, मंग त्याच्याभोवती फुगा काढ. आपल्या फुग्यात बसत नाही म्हणून माणसाचं बोलणं काऊन कापावं?"

छापण्याआधी त्या प्रत्येकाला त्याचं वाक्य वाचून दाखवत. तो नको म्हणाला तर फुगा पुसून टाकत. पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी देणं त्यांना चोरीच वाटे. अशा बाबतीत त्या भलत्याच हट्टी होत्या, आणि मला तो हट्ट फार आवडायचा.

आमच्या सरपंचबाई राखीव जागेवर निवडून आलेल्या. कारभार मात्र त्यांचे यजमान बघत, आणि गावही त्यांनाच सरपंच म्हणे. एका ग्रामसभेत बायकांनी नळाचं विचारलं, तसे सवयीनं यजमानच उत्तर द्यायला उठले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. सरपंच मी आहो, मी सांगतो." काकूंनी बाईंना विचारून तेच वाक्य पानावर घेतलं; चित्रात शेजारी यजमानही होते.

पान लागलं त्याच दिवशी यजमान दुकानात आले. आवाज गोड. म्हणाले, पान काढू नका, फक्त एवढी शेपूट माझ्याकडे वळवा आणि 'आम्ही सांगतो' असं करा, घरातलं घरात राहील. जाता जाता दुकानाचा गाळा ग्रामपंचायतीचा असल्याची आठवणही करून दिली. काकू त्यांच्या तोंडाकडेच बघत होत्या. "भाऊ, शब्द त्यायचे आहेत. शेपूट त्यायच्याकडंच राहीन."

मग गाळा खाली करण्याची नोटीस आली. खाली सही सरपंचबाईंची. माझं डोकंच फिरलं. जिच्यासाठी हे केलं तिनंच असं करावं? काकूंनी नोटीस घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "सही तिची आहे, बोलणं तिचं नाही." आम्ही कॉम्प्युटर हातगाडीवर घालून काकूंच्या घरच्या ओसरीवर आणला. येत्या बाजाराचं पान घराच्या दाराला लागणार, हे काकूंनी वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

बाजाराच्या आदल्या दुपारी सरपंचबाई एकट्याच ओसरीवर आल्या. पदर खोचलेला. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "त्या कागदावर काय लिहिलं हाय ते मले न सांगता सही घेतली. हे छापा."

काकूंनी हात कीबोर्डवर ठेवले, पण टाइप केलं नाही. "घरी तुमाले त्रास होईन. इचार करून सांगा."

"केला."

काकूंनी टाइप केलं, वाचून दाखवलं. बाईंनी मान डोलावली.

बाजाराच्या दिवशी लावलेलं ते पान संध्याकाळपर्यंत कोणीतरी फाडलं. काकूंनी दुसरं लावलं. तेही फाडलं, तर तिसरं. पुढच्या ग्रामसभेत बाईंनी गाळ्याचा विषय स्वतः मांडला. ठराव पडला. गाळा परत मिळाला नाही, तो नाहीच. त्यानंतर मात्र सरपंचाच्या खुर्चीवरून बाईंशिवाय दुसरं कोणी बोललं नाही.

काकू गेल्या वर्षी वारल्या. मी आता खामगावात एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. फोटोतल्या बाईचं बोलणं शेजारच्या पुरुषाच्या तोंडी द्या, असं सांगणारं गिऱ्हाईक अजूनही येतं, आणि मी त्याला दार दाखवते. मालक कुरकुरतात. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाची आठवण आली की रडू येतं. मला काकू आठवल्या की भांडावंसं वाटतं.