शुक्रवारची हवा

जामखेडात निवडणूक लागली की ‘हवा’ या शब्दाला एकच अर्थ उरतो. हवा कुणाची आहे? श्वास घ्यायच्या हवेबद्दल बोलणारी एकटी अल्मास. शाळेत विज्ञान शिकवते, आणि रोज संध्याकाळी दमेकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या दिवशीची हवा सांगते. माझी बायको त्या ग्रुपात आहे, म्हणून मला माहीत. परदेशातले मोठे संगणक साऱ्या पृथ्वीच्या हवेचं गणित मांडतात. कुठली धूळ उडाली, वारा ती कुठे नेणार, हे नकाशावर फुकट दाखवतात. अल्मास तो नकाशा वाचते. चुकली तर दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगते, तेही ताठ मानेनं. मला असली माणसं आवडतात.

माघात तिनं लिहिलं, “शुक्रवारी दुपारनंतर हवा बिघडणार. वय झालेल्यांनी घरी बसावं.”

झालं! आमच्या वॉर्डात एका बाजूला पासष्टीचे आप्पासाहेब, दुसऱ्या बाजूला तिशीतला गडी. शुक्रवारीच आप्पासाहेबांची प्रचारफेरी होती आणि उघड्या जीपमध्ये त्यांची आई आक्काबाई बसणार होत्या. म्हातारीकडे बघून मतं पडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. समोरच्यांनी अल्मासचा मेसेज गावभर फिरवला.

आप्पासाहेब तणतणत तिच्या दारात आले. मी शेजारीच राहतो. असलं भांडण कोण सोडतं?

“आमची हवा बिगडली, ह्ये तुला कुनी सांगितलं? कुनाकडनं बोलतीस तू?”

अल्मासला आधी कळेचना. कळलं तेव्हा खो खो हसली. मग तिनं मोबाईल पुढे धरला. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून उठलेला एक तपकिरी पट्टा आपल्या किनाऱ्याकडे सरकत होता.

“आप्पा, ही धूळ. रोज बघतेय, रोज शुक्रवारच दाखवतंय.”

“आभाळ तर आरशावानी हाय.”

“आज आहे. या नकाशावर जामखेड म्हणजे नुसता ठिपका. तुमच्या गल्लीतला धुरळा त्याला दिसत नाही, पण एवढा मोठा लोट दिसतो. चुकले तर चौकात उभं करून मला हसा. पण आक्काबाईंना जीपमध्ये बसवू नका. दिवाळीत त्यांना ऑक्सिजन लावला होता, विसरलात?”

“मेसेज काढ आधी.”

“काढणार नाही.”

काढला नाहीच, वर आणखी एक ओळ टाकली, “हवा म्हणजे श्वासाची. आक्काबाईंनी तर मुळीच बाहेर पडू नये.”

नातीनं ती ओळ आक्काबाईंना वाचून दाखवली. म्हातारीनं लेकाला समोर बसवलं. “लेका, तुजी हवा तू बघ. मला माजी लागती.” जीप आईशिवायच निघाली.

शुक्रवारी दुपारी सूर्य पिवळट झाला. समोरची टेकडी दिसेना, दाताखाली कचकच लागायला लागली. मी तोंडाला उपरणं बांधून बाजारतळावर गेलो. जीपभोवती जमलेले म्हातारे ठसकत होते. आप्पासाहेबांनी घोषणा देणाऱ्याच्या हातातला माईक ओढला. “म्हाताऱ्यांनी घरी जावा! अल्मास म्हनली त्येच खरं हाय!”

समोरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. आप्पासाहेबांनी तिकडे बघितलंही नाही. फेरी अर्धीच टाकून त्यांनी जीप घराकडे वळवली, मीही मागच्या बाजूला चढलो.

अल्मास आधीच आक्काबाईंच्या खोलीत आली होती, खिडकीच्या फटींना ओली फडकी लावत. आप्पासाहेबांच्या भुवया धुळीनं माखल्या होत्या. ते आईच्या खाटेपाशी बसले आणि कान देऊन ऐकत राहिले. छातीत घरघर नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

“पोरी, उद्याचं सांग,” ते म्हणाले. “आदी आईचं. सभेचं मागनं बघू.”