भर मे महिन्यात हीटर

जुनी गाडी पाळली की किस्से आपोआप साचतात, त्यासाठी वेगळी मेहनत करावी लागत नाही. मेहनत सगळी गाडीच खाते! इंझोरीच्या आमच्या भास्करभाऊनं वांग्याच्या पैशातून एक म्हातारी मिनीबस घेतली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी अन् पाण्याचा माठ बसवला आणि जाहीर केलं, "हे आपलं फिरतं घर!" गाडी मूळची कुठल्याशा पहाडी मुलखातली, म्हणून तिला हीटरही होता. वाशीम जिल्ह्यात हीटर म्हणजे म्हशीला स्वेटर! आम्ही हसून सोडून दिलं.

*

पहिल्याच फेरीला भास्करभाऊ टेंपरेचरचा काटा दाखवून खूश. "काय थंड डोक्याची गाडी हाय! काटा हालूनच नाई राह्यला!"

किन्हीराजा गावाच्या अलीकडं भसाभसा वाफ निघाली. काटा जागेवरच. तो केव्हाचाच मेला होता!

गाडी निवल्यावर रेडिएटर अख्खा माठ प्यायला, तरी भरेना. मग आमच्यातला तिसरा गडी, राम्या, त्यानं डब्यातलं ताक ओतलं. "ताक थंड असते ना बे!"

गॅरेजच्या मिस्त्रीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "कढी तं झाली. आता फोडनी कायची देऊ?"

*

नवा काटा कुठंच मिळेना. या गाडीचं बोनेट आतच, ड्रायव्हरच्या बाजूला, अन् त्याखाली इंजिन. त्यावर राम्याची कायमची सीट ठरली. राम्या चुळबुळला की स्पीड कमी. राम्या उठून उभा राहिला की गाडी बंद!

"राम्या, किती हाय?"

"सहन होते!"

एवढ्यावर आम्ही सगळा पावसाळा काढला. गाडी एकदाही उकळली नाही.

*

थंडीत एका लग्नाला निघालो. सोबत भास्करभाऊची बायको, आमच्या शोभावहिनी. राम्या बिचारा पत्र्यावर बसलेला पाहून त्यांना दया आली. "थंडी वाजत असंन रे तुले!" म्हणत त्यांनी चांगली जाड गोधडी घडी करून त्याच्याखाली दिली.

राम्या मस्त घोरायला लागला. गाडी उकळली, गंजाचं पाणी थेट वहिनींच्या नव्या साडीवर!

वहिनी म्हणाल्या, "आता अजून एकदा उकयली, तं सीधी भंगारात!"

भास्करभाऊ त्या लग्नात जेवला नाही. जिलेबी होती, तरी नाही.

*

आम्ही पुन्हा मिस्त्रीचे पाय धरले. तो म्हणाला, "गाडी गरम व्हाले लागली का हीटर फुल करा. इंजिनची गरमी केबिनमंधी निंघून जाते. इंजिन वाचते."

"अन् आतले मानसं?"

"मानसायचं काम मी करत नाई."

*

मे महिन्यात वहिनींच्या भावाची धनजला वास्तुशांती आली. "आपल्या गाडीनंच जाऊ," वहिनी म्हणाल्या. "पाहू तं खरं!"

परीक्षाच! राम्याला गोधडीबंदी. वहिनींना संशय नको म्हणून तो उठणार नाही, नुसता खोकणार, असं ठरलं. अर्ध्या वाटेत राम्या असा खोकला की वहिनींनी त्याला लवंग दिली. भास्करभाऊनं गुपचूप हीटर फुल केला.

"अहो, एवढं गरम काहून होऊन राह्यलं?"

"ऊन हाय ना!"

वहिनींनी पदरानं वारा घेतला. माझा शर्ट पिळण्यासारखा झाला. राम्याचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला, पण पठ्ठ्या उठला नाही. तसंच शिजत शिजत आम्ही धनजला पोचलो. एक थेंब उकळला नाही!

ऐन दुपार. अंगणात वहिनींचा भाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून उभा. "लवकर घरात या वो बाई, लू लागंन!"

वहिनी खाली उतरल्या. डोक्यावरचा पदर मागं सारला, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"अव माय! पाहा, आमच्या धनजची हवा कशी गारेगार हाय!" मग भास्करभाऊकडं वळून म्हणाल्या, "गाडी काई इकू नका. मले दर महिन्याले आनत जा!"