ढोर कोणी ओढायचं?

गावाचं नाव सांगत नाही. गोंदियाकडच्या कामठ्याहून कोसभर आहे, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथंच आहेत आणि भेटली की मला आजी म्हणतात. त्यांना कशाला शरमिंदं करू? पण म्हणून गोष्ट गिळून बसणार नाही. इतकी वर्षं झाली, तरी आठवली की माझं डोकं तडकतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सरकारने आमच्या शिवाराला लागून विमानांसाठी हवाईपट्टी बांधली. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बुजवल्या, मुरूम टाकला, गिट्टी अंथरली. ती गिट्टी मीही डोक्यावर वाहिली आहे. नवरा गोंदियाला बिडीच्या कारखान्यात होता आणि मी सासऱ्यांजवळ महारवाड्यात राहत होते. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. लढाई संपली, सोल्जर गेले, तारेचं कुंपण गावाने रातोरात उपटून आपापल्या परसातल्या वाडीला लावलं आणि मागे उरली ती नुसती लांबच लांब मोकळी जागा. नागपूर-कलकत्त्याकडे टपाल आणि पासिंजर नेणारं कंपनीचं विमान अडचणीत आलं की तिथं उतरायचं, दुरुस्त व्हायचं आणि पुन्हा उडायचं.

आता मामाजींचं सांगते. पिढ्यान् पिढ्या गावातलं मेलेलं ढोर ओढून नाल्यापलीकडे नेणं हे आमच्या लोकांच्या माथी मारलेलं काम होतं. बैल जिवंत असेपर्यंत त्यांचा, मेला की आमचा. मग नागपूरकडून असली कामं सोडा म्हणणारं वारं आलं, सभा झाल्या, आणि आमच्या वस्तीत सगळ्यांत आधी मामाजींनी ढोर ओढायचा दोर गावच्या चावडीसमोर टाकून दिला. "आजपासून आमी ढोर ओढत नाई," एवढंच म्हणाले. गावचा जमीनदार तो मालगुजार, त्याच्या माणसाने तिथंच काठी हाणली, त्यात त्यांचा समोरचा दात गेला. दुकानदाराने मीठ बंद केलं, आमच्या शेळ्यांना चराई बंद झाली. मामाजी हसून म्हणायचे, "एका दातात सुटलो, सस्त्यात सुटलो." सस्त्यात! दोन उन्हाळे आम्ही आंबाडीच्या भाजीवर काढले, ते सस्त्यात.

पण गावही काही कमी हुशार नव्हतं. बैल गोठ्यात मेला तर काढणार कोण? मेलेल्याला शिवलं तर विटाळ. जिवंत बैलाला शिवायला मात्र विटाळ नाही. मग त्यांनी अशी युक्ती काढली, की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. बैल मरायला टेकला की तो मरायच्या आधीच त्याला चालवत न्यायचा आणि गावाबाहेर सोडून यायचं. नाल्यापलीकडे जायची त्या बिचाऱ्या जनावराच्या पायांत ताकद कुठली! सपाट जागा पाहून ते पट्टीच्या टोकाशी बसायचं, आणि तिथंच पाय झाडायचं. पोळ्याला त्याच्याच शिंगांना बेगड लावायची, पाय धुऊन पाया पडायचं, पुरणपोळी चारायची. आणि अखेरीला शेपूट पिळून त्याला त्या रखरखत्या मुरमावर मरायला सोडायचं. याला म्हणे गोमातेची, नंदीची भक्ती! विटाळ झाला नाही ना, मग झालं.

ढोरं पडू लागली तशी गिधाडं आली. एकदा पोटभर खाल्लं की गिधाडाला झटकन उडता येत नाही. ते दुडूदुडू धावत जातं आणि मोठ्या कष्टाने जमिनीवरून उठतं. त्या उन्हाळ्यात एक विमान पट्टीवरून उठलं आणि असंच एक उठणारं गिधाड त्याच्या पुढच्या काचेवर जाऊन आदळलं. काच फुटली. चालवणाऱ्याच्या भुवईपासून गालापर्यंत चीर पडली. तरी त्या माणसाने विमान वळवून पुन्हा पट्टीवर आणलं आणि आतली सगळी माणसं सुखरूप उतरवली. आम्ही बाया पाण्याच्या घागरी घेऊन धावलो. पासिंजरांत एक बाई लेकराला छातीशी धरून नुसती थरथरत होती. मी तिला पाणी दिलं. ती प्याली, माझी जात विचारायचं भान तिला नव्हतं.

काही दिवसांनी चौकशीला माणसं आली, तीही विमानानेच. एक सरकारी साहेब, एक कंपनीचा माणूस, आणि सातासमुद्रापलीकडून आलेला, विमानं बांधणाऱ्या कारखान्याचा गोरा इंजिनियर. त्यांना घेऊन आला तो जखमी झालेलाच विमानवाला, तोंडाला अजून पट्टी बांधलेली. मोहाच्या झाडाखाली खुर्च्या टाकल्या. मालगुजार आणि त्याची दोन जवान पोरं खाटेवर, आम्ही उन्हात.

सरकारी साहेब हिंदीत बोलला, आणि जे बोलला ते मला फार आवडलं, आजही आवडतं. तो म्हणाला, लढाईनंतर जगातल्या कितीतरी सरकारांनी एकत्र बसून ठरवलं आहे, की विमान कुणाचंही असो, अपघात झाला की त्याचं कारण शोधायचं आणि ते सगळ्यांना सांगायचं. एका कंपनीने दुसरीपासून लपवायचं नाही, एका देशाने दुसऱ्यापासून लपवायचं नाही. आज इथं झालं ते उद्या दुसरीकडे होऊ नये. "हम सज़ा देने नहीं आए हैं," तो म्हणाला, "सिर्फ़ कारण ढूँढने आए हैं. जो सच है, बेधड़क बताओ."

मालगुजाराने लगेच तोंड उघडलं. "कारण क्या ढूँढते साहब, कारण सामने बैठा है. ये महार लोगों ने अपना काम छोड़ दिया. ढोर उठाते नहीं, इसलिए गीध आते हैं."

चोराच्या उलट्या बोंबा! साहेबाची मान हलली, त्याने मामाजींकडे पाहिलं. मामाजी काही बोलायच्या आत मीच पदर खोचून उठले.

"साहेब, ढोर इथं आपसूक मरून राहिले नाई," मी म्हणाले. "मराले इथं आनून सोडतेत."

"क्यों?"

"गोठ्यात मेलं त ओढा लागते न जी."

"तो ओढते क्यों नहीं?"

"इटाळ होते म्हनतेत."

"और तुम लोग?"

"आमी सोडलं. आमी काऊन ओढाचं त्याईचं ढोर?"

तो सगळं गोऱ्याला इंग्रजीत सांगत होता. गोरा प्रत्येक उत्तरावर पुन्हा का, पुन्हा का, असं विचारत होता. मला वाटलं, बरोबर चाललं आहे, हा माणूस मुळाशी जाणार. विमान का पडत होतं? गिधाडामुळे. गिधाड का? ढोरामुळे. ढोर इथंच का? विटाळामुळे. आता एकच 'का' उरला होता, विटाळच का? तो विचारला असता तर मालगुजाराला उत्तर द्यावं लागलं असतं. पण तिथं सरकारी साहेब घसा खाकरून थांबला. तिघं आपसात इंग्रजीत बोलले आणि हसत हसत आमच्याकडे वळले. तोडगा निघाला होता.

तोडगा काय? पैसे कंपनी देणार, हुकूम सरकार काढणार, आणि महारवाड्यातल्या माणसांना पट्टीवरची ढोरं ओढायची पक्की नोकरी मिळणार. महिन्याचा पगार, खाकी सदरा, छातीवर पितळी बिल्ला. मालगुजाराचा चेहरा असा फुलला, जसं काही त्यालाच बढती मिळाली!

मी मामाजींकडे पाहिलं. घरात खायचे वांधे होते, वस्तीतल्या दोघा-तिघा जवानांचे डोळे त्या बिल्ल्याच्या नुसत्या नावाने चमकले होते. मामाजी हो म्हणाले असते तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण मग तो दात, ते मीठ, ते दोन उन्हाळे कशासाठी?

मामाजी सावकाश उठले, हात जोडले.

"विमान वाचवाचं काम चांगलं हाये जी. त्यातबी मानसंच असतेत. आमी करतो न. गिधाडं हाकलतो, पहारा देतो, खड्डे खनून देतो. फक्त दोराले हात लावत नाई. ज्याचा बैल त्यानं ओढावा."

"अरे, पगार मिलेगा! सरकारी नौकरी है!"

"बिनापगारी ओढत होतो तवा लाज वाटे, साहेब. पगार भेटला म्हंजे लाज जाते का?"

मालगुजार खाटेवरून उसळला. धर्म काय, रीत काय, बापजाद्यांचं काय, एकच गलका केला. आणि सरकारी साहेब चिडला तो कुणावर? मामाजींवर. म्हणाला, इतके देश एक झाले, एकमेकांचा गळा धरणाऱ्या कंपन्या एक झाल्या, आणि तुम्ही एवढीशी गोष्ट ऐकत नाही? म्हणजे अडेलतट्टू ठरलो आम्ही! एका जागी बसून मरणारा बैल दुसरीकडे ढकलणारे शहाणे, नि आम्ही अडेलतट्टू! सगळं जग एक होतं, पण खाली वाकायला सांगायचं झालं की बोट आमच्याकडेच वळतं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण मामाजींनी मानेनेच नको म्हटलं.

बोलणं तिथंच मोडलं आणि साहेब लोक परत जायला निघाले. विमानापाशी गेले, तर पट्टीच्या टोकाला काळा ढीग हलत होता. आदल्या दिवशी मालगुजाराच्याच गोठ्यातून आणून सोडलेला बैल मेला होता आणि त्याच्यावर गिधाडं बसली होती. वाऱ्यामुळे विमानाला त्याच टोकाकडे धावायचं होतं. आम्ही डबडे वाजवत धावलो, गिधाडं उठली, चार हात सरकली आणि पुन्हा येऊन बसली. ढोर तिथं आहे तोवर ती कशाला जातील? मामाजी आणि वस्तीतली माणसं बाजूला पट्टीबाहेर खड्डा खणू लागली. तो शब्द त्यांनी दिला होता. ढोराला कुणी हात लावला नाही. मालगुजाराची माणसं दूर उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि साहेब लोकही आमच्याकडेच.

तेवढ्यात तोंडाला पट्टी बांधलेला तो विमानवाला विमानात चढला, विमान बांधायचा दोर घेऊन खाली उतरला, आणि कुणाला काही न विचारता तरातरा चालत जाऊन त्याने बैलाच्या मागच्या पायांना गाठ मारली. मालगुजार बोंबलत धावला.

"साहब, आप मत छूइए! आप तो बड़े घर के, ऊँची जात के..."

विमानवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "लालाजी, उस दिन गीध के साथ यही माल काँच तोड़कर मेरे मुँह में आ चुका है. अब छूने को क्या बाकी है?"

त्याने दोर खांद्यावर घेतला आणि जोर लावला. बैल जागचा हलेना. पांढऱ्या सदऱ्यावर घाण उडाली, गालावरच्या पट्टीतून रक्त पाझरू लागलं. तो तरी ओढतच होता. कंपनीचा माणूस टोपी काढून पुढे झाला. मग मात्र मालगुजाराची पाचावर धारण बसली. सरकारी साहेबाच्या डोळ्यांदेखत आपलं ढोर मोठ्या घरचा माणूस ओढतो, म्हणजे जिल्हाभर नाचक्की! तो पोरांवर खेकसला, "पाहून काय राहिले बे? धरा न!"

आणि त्या दोघांनी दोर धरला. हो, धरला! धोतर वर खोचून, दात-ओठ खाऊन ओढला, आणि बैल खड्ड्यात नेऊन टाकला. आभाळ कोसळलं नाही. हात झडले नाहीत. ज्या कामासाठी म्हाताऱ्याचा दात पाडला, लेकरांचं मीठ तोडलं, ते काम साहेबासमोर एका दमात उरकलं. शतकांचा धर्म म्हणत होते, तो विमानवाल्याच्या मळलेल्या सदऱ्यासमोर इतक्यात वितळला! माणसाच्या विनवणीने जो वितळत नाही, तो अब्रूच्या भीतीने वितळतो. असल्या धर्माला मी काय म्हणावं?

माती लोटली, विमान उडालं. जाताना विमानवाल्याने मामाजींना हात जोडले. सरकारी साहेबाने जोडले नाहीत.

मालगुजाराच्या पोरांनी तळ्यात अंगावरच्या कपड्यांसकट बुड्या मारल्या, गोमूत्र प्यायलं, आणि गावाने झालं ते झालंच नाही असं धरलं. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या तोंडावर मालगुजाराची गाय मेली. तो स्वतः आमच्या वस्तीच्या शिवेपर्यंत आला. आमच्या ओट्याशी आला नाही, शिवेवरूनच ओरडला.

"अबे, गाय मेली हाये. येता का नाई?"

मामाजी ओट्यावर बसून काथ्या वळत होते. उठलेही नाहीत.

"आमी काऊन जी? तुमचे पोरं चांगले ओढतेत. सगळ्याइनं पायलं न."

"रोवनीले कोन बलावते तुमाले, तेच पायतो मी!"

"पाहा," मामाजी म्हणाले.

त्या पावसाळ्यात गावातल्या एकाही बांधीत आम्हाला कुणी काम दिलं नाही. आम्ही आमगावच्या पलीकडे चालत जाऊन रोवणी केली. मामाजीही आले, त्या वयात, गुडघाभर चिखलात उभे राहून रोपांच्या पेंढ्या वाहायला. गावातली मेलेली गुरं गावाने आपल्या हातांनी पुरली. मामाजींनी मरेपर्यंत ढोर ओढायचा दोर पुन्हा हातात घेतला नाही.