जाणकाराचं परीक्षण

ती घटना आठवली की आजही जिवाला चैन पडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप उडवली ती घरातल्या एका साध्या चोरीने. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. त्या माणसांची मुलंबाळं अजून त्याच गावात नांदतात.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी दिग्रसला ठाणेदार होतो. व्यसन एकच, रहस्यकथांचं. टेबलाच्या खणात वर हजेरीचं रजिस्टर आणि त्याखाली कादंबरी. आमच्या हवालदाराला वाटायचं साहेब कलमं पाहताहेत. वाचता वाचता माझा पारा चढायचा. या लेखकांनी ठाणं कधी आतून पाहिलेलं नसतं. यांचा गुप्तहेर पंचांशिवाय झडती घेतो, प्रेताशेजारचं पिस्तूल उघड्या हाताने उचलतो, आणि गुन्हेगार शेवटच्या पानावर सगळं भडाभडा ओकून मोकळा होतो. अरे, काय पोरखेळ लावलाय? शेवटी न राहवून यवतमाळच्या एका साप्ताहिकात मी या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहू लागलो. खाली सही ‘जाणकार’. सरकारी नोकराने परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहू नये, हा नियम मला पाठ होता. तरी लिहिलं.

बायकोने पहिल्याच दिवशी हटकलं होतं. “तुमाले कोणी इचारलं का, पुस्तक कसं हाये म्हणून? कायले नसती आफत घेता?”

मी हसण्यावारी नेलं. स्वतःचं वाक्य छापून आलेलं वाचण्याची चटक लागली होती, आणि ती सुटत नाही.

एका कादंबरीवर तर मी तुटूनच पडलो. तिच्यातला खलपुरुष एका श्रीमंताच्या घरचा रत्नहार चोरतो आणि आळ माळ्यावर यावा म्हणून अख्खा हार माळ्याच्या ट्रंकेत नेऊन ठेवतो. मी लिहिलं, की असला मुद्देमाल पाहून खात्यातला कालचा शिपाईसुद्धा हसेल. खलपुरुषाला अक्कल असती तर त्याने एकच दागिना माळ्याचा हात रोज जातो अशा जागी, त्याच्याच कामाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला असता. उरलेला माल फिर्यादीच्याच घरात, जिथून चोरला त्याच कपाटात परत. एकदा रिकामं झालेलं कपाट पोलीस पुन्हा उघडत नाहीत. हे लिहून मी स्वतःवर इतका खूश झालो, की बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकांच्या, म्हणजे सेठजींच्या घरी चोरी झाली. सुनेच्या पाटल्यांचा जोड आणि गोफ कपाटातून गेला. कुलूप शाबूत होतं. मी कपाट पाहिलं, पंचनामा केला, नोकरमाणसांचे जबाब घेतले. हाती काही लागेना.

तिसऱ्या दिवशी सेठजींचा भाचा ठाण्यात आला. पंचविशीचा, नीटनेटका, मामांच्याच घरी राहायचा, जिनाचं ऑफिस तोच पाहायचा. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, “साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. आमच्या जिनातला मिस्त्री त्या दिवशी घरी शिलाई मशीन दुरुस्त करायले आलता. कपाटाच्याच खोलीत बसलता. त्याची हत्याराची पेटी तो रोज घरी नेते. एकडाव पाहून घ्या.”

हा मिस्त्री म्हणजे जिनाची यंत्रं सांभाळणारा पन्नाशीचा मुसलमान कारागीर. गावात त्याच्याबद्दल कधी वावगं ऐकलं नव्हतं. दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी राहिली आणि तो बिचारा स्वतः पेटी उचलून अंगणात घेऊन आला. पाने, पकडी, छिन्नी, सगळं काढलं. तळाशी तेलाने काळं झालेलं एक फडकं होतं. उलगडलं, तर आत एक पाटली.

एकच पाटली, त्याच्याच कामाच्या फडक्यात. माझ्या मनाने तिथल्या तिथं निकाल दिला. खरी चोरी अशी असते, मी म्हणत होतो ना! मिस्त्री पाटलीकडं बघतच राहिला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना आणि मला ते अपराध्याचं गप्प बसणं वाटलं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पोलीस कोठडी दिली. चौकशीत त्याचा एकच हेका. “साहेब, तो फडका मी घरी आणलाच नाई. जिनातला तेलकट फडका मी बाहेर नेऊ देत नाई कोणाले. कापसात ठिणगीशिवाय आग धरते तो. रोज संध्याकाळी लोखंडी डब्यात टाकून वरून झाकण लावतो, सोताच्या हातानं.”

“चोरी करणारा माणूस डब्याचे नियम पाळतो होय?” मी खेकसलो.

हवालदार रोज विचारायचा, “साहेब, थोडा हात लावू का? पटकन बोलन तो.” मी नाही म्हणायचो. पण ते माझं मोठेपण नव्हतं, हे कबूल करतो. पुरावा इतका पक्का वाटत होता की मारायची गरजच दिसत नव्हती. गोफ आणि दुसरी पाटली मिळाली की झालं. तिकडं जिनातून मिस्त्रीला काढून टाकल्याचा निरोप आला. त्याची बायको ठाण्यासमोरच्या लिंबाखाली सकाळपासून बसून असायची. तिच्याकडं पाहायला नको म्हणून मी मागच्या दाराने जेवायला जायचो.

कोठडी संपायला एक दिवस राहिला तेव्हा मिस्त्रीने मला बोलावलं. दोन दिवस तो धड जेवला नव्हता.

“साहेब, लिहून घ्या. मीच चोरलं.”

मी कागद पुढं ओढला. “बाकीचा माल कुठं आहे?”

 तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “ते तुमीच सांगा ना, साहेब. कुठं असन? तुमी सांगान तसं मी सांगतो. माही बायको तीन दिवसांपासून झाडाखाली बसून राह्यली. आता संपवा हे.”

ते ऐकून मी विचार करू लागलो. कुठं असेल बरं? आणि उत्तर कुठं शोधावं लागलंच नाही. ते तयारच होतं, माझ्याच शब्दांत, छापलेलं. फिर्यादीच्याच घरात, जिथून चोरला त्याच कपाटात.

 एक दागिना, रोज हात जातो ती जागा, कामाचं फडकं. हा पुरावा मला पटला कारण तो मीच लिहिला होता! कोणीतरी माझं परीक्षण वाचून, मला आवडेल असा मुद्देमाल माझ्यापुढं ठेवला होता, आणि मी मान डोलावली होती. मिस्त्रीला म्हटलं, “काही लिहून घ्यायचं नाही. तू आधी जेव.” त्याला वाटलं आता मार बसणार. तो भिंतीला सरकून बसला.

तसाच उठून जिनात गेलो. हमालांना, चौकीदाराला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. फडक्यावरून मिस्त्री माणसांना शिव्या घालतो, त्याने फडकं घरी नेलं यावर कोणाचा विश्वास बसेना. झाकणाचा लोखंडी डबा शेडबाहेर उघड्यावर होता. त्यातून फडकं कोणीही उचलू शकत होतं.

तिथून वाचनालयात. तिथले ग्रंथपाल मास्तर रजिस्टर लिहीत बसले होते. ती कादंबरी परीक्षणानंतर कोणी कोणी नेली, एवढंच विचारलं. तीन नावं निघाली. एक डॉक्टरांची पत्नी, एक शाळामास्तर, आणि तिसरा सेठजींचा भाचा. आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना वहीत अभिप्राय लिहायची पद्धत होती. भाच्याने लिहिलं होतं, लेखकाला काही कळत नाही, साप्ताहिकातील ‘जाणकार’ यांचं मत शंभर टक्के पटलं.

“हे जाणकार कोण असतील हो?” मास्तरांनी मला विचारलं. “माणूस मोठा हुशार दिसतो.”

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

आता खरी पंचाईत होती. सेठजींच्या घराची झडती घ्यायला हवी होती, आणि आधी परवानगी मागावी तर भाच्याच्या कानावर जाऊन माल हलणार. कलम १६५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कारण लेखी नोंदवायचं आणि नक्कल मॅजिस्ट्रेटकडं पाठवायची. हवालदार म्हणाला, “लिहा ना, साहेब, खात्रीलायक बातमी मिळाली म्हणून. नेहमीच लिहितो आपण.” मोह झाला. पण तसं लिहिलं, तर सेठजी उद्या म्हणणार की अटकेआधी मिस्त्रीनेच घाबरून माल परत ठेवला, आणि एक पाटली राहून गेली. मिस्त्रीला सोडवायचं तर मला परीक्षणापासून सगळं लिहावं लागणार होतं. ‘जाणकार’ कोण, हे सही-शिक्क्यानिशी. आणि कपाटात काही निघालंच नाही तर? नोकरी तर जाणारच, वर गावभर हसू.

दुपारी जेवायला घरी गेलो.  बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ‘सांगितलं होतं ना मी’ म्हणेल. ती तसं काही बोलली नाही. म्हणाली, “त्या बाईले मी काल पाणी नेऊन देलं. तिनं घेतलं नाई. ठाणेदाराच्या घरचं म्हणून.” आणि मग, “लिहून टाका तुमी. उपाशी नाई मरत आपण.”

लिहिलं. दीड पान. खाली खऱ्या नावाची सही केली.

चार वाजता पंच घेऊन सेठजींच्या दारात उभा राहिलो. ते खवळलेच. “मी फिर्यादी आहे का आरोपी? वर कळवतो मी!” मी लेखी नोंदीचा कागद दाखवला आणि थेट कपाटापाशी गेलो. भाचाही मागोमाग आला. वरचा कप्पा पाहिला, काही नाही. मधला पाहिला, साड्या एकेक उलगडल्या, काही नाही. पंच एकमेकांकडं बघू लागले. सेठजी हाताची घडी घालून उभे होते.  खाली एक खण होता, थंडीच्या शाली ठेवायचा. एक शाल झटकली, दुसरी झटकली. तिसरीतून गोफ घरंगळला, पाठोपाठ पाटली.

 मी भाच्याकडं वळलो आणि चोरीबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, “ती कादंबरी आवडली नाही म्हणे तुला?”

तो पांढराफटक पडला. सेठजींनी त्याचं मनगट धरलं तेव्हा बोलू लागला. मिस्त्रीने त्याची कामातली एक लबाडी सेठजींना सांगितली होती आणि सेठजींनी चार माणसांत त्याला झापलं होतं. कपाटाची किल्ली घरात कुठं असते ते त्याला ठाऊक होतं. सोनं त्याला नकोच होतं, मिस्त्री जिनातून जायला हवा होता. शेवटी माझ्याकडं बघून तो म्हणाला, “पेपरात लिहिलं होतं, साहेब, कोण्या जाणकारानं. त्याचं बरोबरच निघालं ना? तुमी एका मिंटात मानलं.”

असा सणसणीत शेरा माझ्या लिखाणावर पुन्हा कोणी मारला नाही.

भाच्याचं कोर्टात व्हायचं ते झालं. माझी यवतमाळला वरिष्ठांपुढं पेशी झाली, वेतनवाढ थांबली आणि बदली राजूरला, कोळशाच्या खाणीवरच्या चौकीत. तक्रार नाही. रहस्यकथा पुढंही वाचल्या, परीक्षण मात्र एकही लिहिलं नाही. तपासात एक सवय लावून घेतली. पुरावा पाहून मला आनंद झाला की तो आधी बाजूला ठेवायचा आणि आरोपी काय सांगतो ते पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. मिस्त्री पहिल्याच दिवशी खरं बोलला होता. मी ऐकलं नव्हतं.

पण मनात रुतून बसलंय ते वेगळंच. कोर्टाचा हुकूम आल्यावर मिस्त्रीला सोडलं तेव्हा तो ठाण्याच्या पायरीवर थांबला. “सुटलो, साहेब. पण धरून नेलं ते अख्ख्या गावानं पाह्यलं. सोडलं ते कोण पाहन?” मला ते पटलं. त्याची बायको सकाळीच लेकीला धीर द्यायला घरी गेली होती. मी टोपी घातली, पट्टा बांधला, आणि बाजाराच्या दिवशी भर पेठेतून त्याच्या शेजारून चालत त्याला घरी न्यायला निघालो. त्याला वाटेत चहा पाजला. दुकानदारांना हाका मारून सांगितलं, “मिस्त्री निर्दोष आहे. चूक आमची.” मला वाटलं, मी फार चांगलं काम करतोय.

त्याच्या गल्लीत वळलो. त्याच्या बायकोने दारातून आम्हाला पाहिलं. नवरा आणि शेजारी गणवेशातला ठाणेदार. तिने किंकाळी फोडली, लेकीला आत ओढलं आणि कडी लावून घेतली.

“अगं, सोडलं मले! मी आलो!” मिस्त्री दार ठोठावत होता.

“बाई, सोडायला आलोय मी,” मी म्हणालो. माझा आवाज ऐकून आतलं रडणं वाढलं.

मिस्त्री माझ्याकडं वळला. हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमी जा. तुमी गेल्याबिगर ते दार उघडत नाई.”

मी निघालो. गल्लीच्या टोकाला पोहोचलो तेव्हा मागे कडी निघाल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही. निवृत्त होईपर्यंत निर्दोष सुटलेल्या कोणत्याही माणसाला मी गणवेशात घरी पोहोचवायला गेलो नाही. त्याच्या घरच्यांना आधी निरोप पाठवायचो, तोही खात्याबाहेरच्या माणसाबरोबर.