पारा पंच्याण्णवच्या खाली

हिरू पोराला पुरायला घेऊन गेला त्याला दीड तास झाला होता. आता तो तेच गाठोडं घेऊन माझ्या टेबलासमोर उभा होता. भर दुपार होती, ओपीडी रिकामी झाली होती.

"बाई, ह्ये बगा जरा."

"हिरू, सकाळी बघितलंय मी."

"व्हय. पर आता आवाज येतोय."

मी गाठोड्याला हात लावला. आतलं अंग कोमट होतं.

खाडीकाठच्या त्या छोट्या हॉस्पिटलात आम्ही दोनच डॉक्टर होतो, मोठे डॉक्टर आणि मी. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची खोली माझ्याकडे होती. खोली म्हणजे कापूस भरलेली सुपारीची तीन खोकी, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणि दूध पाजायला ड्रॉपर. इनक्युबेटर ही तेव्हा मुंबईची गोष्ट होती.

हिरूची बायको भागी पहाटे होडीतच मोकळी झाली होती. सातवा महिना. मूल ओल्या लुगड्यात गुंडाळून तासभर वाऱ्यातून आणलं. माझ्या हातात आलं तेव्हा ते मेणासारखं पांढरं होतं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, काही ऐकू आलं नाही. थर्मामीटर लावला, पारा तळातून हलला नाही. दहा मिनिटं तोंडाने श्वास दिला. मग रजिस्टरात लिहिलं: थंड, श्वास नाही, ठोका नाही. खाली सही केली.

तान्हं मूल जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर मीठ घालतात. हिरू मिठागरावर कामाला होता, म्हणून तो तिकडेच गेला. गाठोडं मिठाच्या राशीवर ठेवून त्याने बांधाजवळ खणायला घेतलं. जमीन कडक होती, वेळ लागला. चौफेर पांढरं मीठ, वर ऊन, सावली कुठेच नाही.

"मीठ घ्यायला वळलो तर फडकं हाललं," तो म्हणाला. "माला वाटलं वारा हाय. पर वारा न्हवता."

आम्ही मूल खोक्यात ठेवलं, चहूबाजूंनी पिशव्या लावल्या. मिनिटाला पंधरावीस श्वास होते, तेही थांबत थांबत. आता त्याला आईचं दूध हवं होतं. दूध नाही मिळालं तर सगळं फुकट.

मी भागीला बोलवायला वॉर्डात गेले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. हिरूची आई मध्ये उभी राहिली.

"आमचं पोर गेलं बाई. तुमीच सांगितलंत. खड्डा बी झाला. आता त्या फडक्यातनं काय माघारी आलंय, आमाला काय म्हायती?"

"तुमचा नातू आलाय."

"मंग सकाळी त्यो कोन व्हता?"

सही माझीच होती.

आमच्या शांताबाई नर्स त्याच भागातल्या. त्या कानाशी म्हणाल्या, "वाद घालू नका. मूठभर कोंडा द्या आणि पोर विकत घ्या." मृत्यूच्या दारातून परतलेलं मूल दुसऱ्याने कोंड्यावर घ्यायचं, म्हणजे ते जुन्या घराचं राहत नाही आणि त्याच्या मागावर कोणी येत नाही, अशी समजूत. मी स्वयंपाकघरातून भाताचा कोंडा आणून म्हातारीच्या ओच्यात टाकला.

"पोर आता माझं. त्याला पाजायला बाई पाहिजे. भागी येईल?"

म्हातारीने विचार केला. "दुसऱ्याचं पोर पाजायला काय जातंय?"

भागी तोवर उठून बसली होती. जाताना म्हातारीने हिरूला एवढंच बजावलं, "खनलेला खड्डा रिकामा ठेवू नको." त्याच फडक्यात नारळ गुंडाळून त्याने तो पुरला. वर मीठ घातलं.

संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"पारा कुठे होता?"

"तळाशी."

"तळाशी म्हणजे किती?"

आमचा थर्मामीटर ताप मोजायचा. त्याचे आकडेच पंच्याण्णवपासून सुरू होतात. त्याखाली मूल नव्वदवर आहे की ऐंशीवर, त्याला कळत नाही. इतक्या गार मुलाचा ठोका एवढा मंद आणि दबका होतो की कानाला निसटतो. हे मूल मिठागराच्या उन्हात तापलं, म्हणून हललं.

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि एक एक पान मागे उलटत गेले. थंड, श्वास नाही, ठोका नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. अक्षर माझंच.

"किती आहेत हो?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे न बघता रजिस्टर मिटलं. "उद्यापासून आधी तासभर ऊब. सही नंतर."

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी खालचे आकडे असलेला लांब थर्मामीटर मागून आणला. मूल दोन महिने खोक्यात राहिलं आणि घरी गेलं. नाव अर्थातच कोंडाजी.

पुढे एकदा हिरू त्याला दाखवायला आला, तेव्हा मी विचारलं, "बाकीचे लोक पोरं कुठे पुरतात रे?"

"खाडीच्या कडंला, झाडाखाली," तो म्हणाला. "चांगली गार सावली हाय थितं."

तासभराचा नियम मी निवृत्त होईपर्यंत एकदाही मोडला नाही.